जुन्या बोटी, नव्या बोटी: डिस्नेच्या ताफ्याचा आढावा

अमेरिकेत राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे आई-वडील उन्हाळ्यात जातात, नातवंडांना सुट्टी लागते आणि सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचा बेत निघतो. घरात लहान मुलं असतील तर डिस्नेचं नाव पुढे येतंच. मग पेच पडतो तो बोट निवडण्याचा. कंपनी एकच, मिकी माऊस तोच, पण एक बोट १९९८ सालची आहे आणि दुसरी २०२५ची. नव्या बोटीचं भाडं बहुतेक वेळा चढं असतं. ते द्यावं का? जुनी बोट म्हणजे कळकट आणि कमी मजेची का? आजी-आजोबांना कोणती सोसेल?

या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर देणारे खूप भेटतात. नवं ते चांगलं असं काही जण सांगतात, तर जुन्यातली माया नव्यात नाही असं काही जण. माझ्या मते दोन्ही उत्तरं चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. बोट घरासारखी असते. सामान हवं तेव्हा बदलता येतं, पण भिंती जिथे घातल्या तिथेच राहतात. रेस्टॉरंट, घसरगुंडी, पडदे आणि गाद्या हे बोटीचं सामान. रुंदी, इंजिन, बाल्कन्यांची संख्या आणि लोकांनी कुठे एकत्र यायचं याची मांडणी या तिच्या भिंती. जुन्या आणि नव्या बोटींची तुलना या भिंतींपासून सुरू करायला हवी.

चार पिढ्या

डिस्ने या धंद्यात उतरली ती दुसऱ्याच्या बोटींवरून. १९८५ पासून काही वर्षं प्रीमियर क्रूझ लाइन या कंपनीच्या लाल रंगाच्या बोटींवर डिस्नेची पात्रं दिसत होती. तो करार संपल्यावर कंपनीने स्वतःच्या बोटी बांधायचं ठरवलं आणि काम इटलीच्या फिनकांतिएरीला दिलं. 'डिस्ने मॅजिक' जुलै १९९८ मध्ये आणि 'डिस्ने वंडर' ऑगस्ट १९९९ मध्ये पहिल्या सफरीला निघाली. प्रत्येकी सुमारे ८४ हजार ग्रॉस टन, बांधणीवेळी लांबी २९४ मीटर, खोल्या पावणेनऊशेच्या आसपास आणि पूर्ण भरल्यावर प्रवासी सुमारे २,७००. ग्रॉस टन हे वजन नव्हे, बोटीतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. पुढच्या तुलनेत ते लक्षात ठेवलेलं बरं.

या बोटींचा बाहेरचा रुबाब अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांचा आहे. काळपट निळं अंग, नाळेवर सोनेरी वेलबुट्टी, दोन लाल धुराडी. लाइफबोटी नियमाप्रमाणे नारिंगी असतात, पण कंपनीने खास परवानगी घेऊन त्या मिकीच्या बुटांसारख्या पिवळ्या ठेवल्या. पुढच्या सगळ्या बोटींनी हा वेश चालू ठेवला, म्हणून दुरून पाहताना १९९८ची बोट आणि २०२५ची बोट सख्ख्या बहिणी वाटतात. फरक आत गेल्यावर कळतो.

दुसरी पिढी 'ड्रीम' (जानेवारी २०११) आणि 'फँटसी' (मार्च २०१२) यांची. या जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मेयर वेर्फ्ट गोदीत बांधल्या गेल्या. ग्रॉस टन सुमारे १ लाख ३० हजार, लांबी ३४० मीटर, खोल्या १,२५० आणि प्रवासी ४,००० पर्यंत. तिसरी पिढी त्याच गोदीतली: 'विश' (जुलै २०२२), 'ट्रेझर' (डिसेंबर २०२४) आणि 'डेस्टिनी' (नोव्हेंबर २०२५). मेयर वेर्फ्ट समुद्रापासून बरीच आत, एम्स नदीच्या काठी आहे. तयार झालेली बोट नदीतून हळूहळू समुद्रापर्यंत न्यावी लागते, त्यामुळे बोटीच्या आकाराला तिथे आपोआप मर्यादा पडते. 'विश'ची लांबी 'ड्रीम'पेक्षा जेमतेम एक मीटरने जास्त आहे आणि खोल्या १,२५४, म्हणजे जवळपास तेवढ्याच. पण ग्रॉस टन मात्र १ लाख ४४ हजारांवर गेले. माणसं तेवढीच, जागा दहा टक्क्यांनी अधिक. ही जादा जागा कुठे गेली, याच प्रश्नात तिसऱ्या पिढीचं सगळं चरित्र आहे.

चौथी पिढी एकाच बोटीची आणि तिची जन्मकथा वेगळी. 'अ‍ॅडव्हेंचर' ही डिस्नेने मुळात आखलेलीच नाही. गेंटिंग हाँगकाँग या समूहासाठी जर्मनीतल्या विस्मार इथे 'ग्लोबल ड्रीम' नावाची प्रचंड बोट बांधली जात होती. समूह आणि गोदी दोन्ही बुडाले आणि २०२२ मध्ये डिस्नेने ती अर्धवट बोट विकत घेतली. २ लाख ८ हजार ग्रॉस टन, सुमारे ६,७०० प्रवासी आणि अडीच हजारांच्या आसपास कर्मचारी. तिचं घर सिंगापूर. पहिली सफर डिसेंबर २०२५ मध्ये ठरली होती, ती पुढे ढकलून १० मार्च २०२६ वर नेण्यात आली.

जे सगळीकडे सारखं आहे

फरकांकडे वळण्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. या ताफ्याची खरी ताकद पहिल्याच बोटीवर ठरली आणि आजवर कुणी तिला फारसा हात लावलेला नाही. पहिली गोष्ट जेवणाची. बहुतेक बोटींवर तीन मुख्य रेस्टॉरंट असतात, दररोज रात्री कुटुंब वेगळ्या ठिकाणी जेवतं आणि वाढणारी माणसं मात्र त्याच कुटुंबाबरोबर फिरतात. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्यांना कळलेलं असतं की धाकट्याला पास्ता साधा हवा आणि आजींना अंडंही चालत नाही. शाकाहारी कुटुंबांसाठी ही सोय चमचमीत सजावटीपेक्षा मोलाची आहे.

दुसरी गोष्ट न्हाणीघराची. बहुतेक खोल्यांत ते दोन भागांत विभागलेलं असतं: एकीकडे संडास आणि बेसिन, दुसरीकडे आंघोळीची जागा आणि आणखी एक बेसिन. चार माणसांना एका खोलीतून सकाळी आवरून निघायचं असेल तर याची किंमत कळते. तिसरी गोष्ट बहामामधलं कंपनीचं बेट, कॅस्टअवे के. तिथे बोट थेट धक्क्याला लागते, मधल्या छोट्या होडीची कसरत करावी लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जुन्या बोटीवरूनही किनारा तितकाच सोपा पडतो आणि नव्या बोटीवरूनही.

खोली: जुनीच मोठी

नव्या बोटीवर खोली मोठी असेल असं बहुतेकांना वाटतं. आकडे उलट सांगतात. बाल्कनी असलेली नेहमीची खोली 'मॅजिक' आणि 'वंडर'वर बाल्कनी धरून सुमारे २६८ चौरस फूट आहे. 'ड्रीम' आणि 'फँटसी'वर ती २४६ झाली, तर 'विश'च्या पिढीत २४३. पंचवीस चौरस फूट कागदावर थोडे वाटतात. आजोबांची चाकाची खुर्ची, बाळाची गाडी आणि चार बॅगा एकत्र आल्या की ते पुरेपूर जाणवतात.

नव्या बोटींची जमेची बाजू संख्येत आहे. 'मॅजिक'च्या निम्म्याहून कमी खोल्यांना बाल्कनी आहे, तर 'विश'वर सुमारे ७० टक्के खोल्यांना. १९९० च्या दशकात बाल्कनी ही चैन होती. आज प्रवासी ती गृहीत धरतो. जुन्या बोटीला पाहिजे तेवढ्या बाल्कन्या मागाहून फोडता येत नाहीत, ही तिची न बदलणारी भिंत. त्यामुळे जुन्या बोटीवर बाल्कनी हवी असेल तर आरक्षण लवकर करावं लागतं. बिनखिडकीच्या खोलीवर 'ड्रीम' आणि 'फँटसी'ने एक गोड तोड काढली. भिंतीवर गोल पडदा आणि त्यात बाहेरच्या कॅमेऱ्यातून दिसणारा समुद्र. मधूनच एखादं पात्र त्या खिडकीतून डोकावून जातं. लहान मुलं याच खोलीसाठी हट्ट धरतात आणि आई-वडिलांचे पैसे वाचतात.

डेकवर कोण कुठे जातं

बोट कळते ती तिच्या मधल्या दालनावरून आणि वरच्या डेकवरून. पहिल्या दोन पिढ्यांचा नकाशा सरळ आहे. मधोमध उंच दालन, तिथून पुढे नाट्यगृह, मागे रेस्टॉरंट. वर पोहण्याचे तलाव स्पष्ट वाटलेले: लहानांचा, सगळ्या कुटुंबाचा आणि फक्त मोठ्यांचा. चौथ्या डेकवर लाकडी फळ्यांची मोकळी वाट बोटीला वळसा घालते. संध्याकाळी तिथे फिरायला निघालेल्या माणसाच्या एका हाताला समुद्र असतो आणि दुसऱ्या हाताला आरामखुर्च्या. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी बोटीवरची ही सर्वांत सुखाची जागा आहे आणि तिला वेगळं तिकीट लागत नाही.

'विश'च्या पिढीने ही मांडणी मोडली. दालन मोठं आणि महालासारखं झालं, तिथे मंच आला, पात्रांचे कार्यक्रम तिथेच होऊ लागले. पोहण्याचे तलाव सहा झाले, पण लहान आणि पायऱ्यापायऱ्यांनी वेगवेगळ्या पातळ्यांवर मांडलेले. मोठ्यांचा भाग मागच्या टोकाला गेला, तिथे समुद्राला टेकलेला वाटावा असा तलाव आला. जादा जागा गेली ती अशी, छोट्या छोट्या दालनांमध्ये. याचा फायदा असा की कुठेही एका वेळी हजार माणसं जमा होत नाहीत. तोटा असा की कुटुंब विखुरतं. जुन्या बोटीवर एका तलावाच्या काठावर बसून आई दोन्ही मुलांवर नजर ठेवू शकते. नव्या बोटीवर एक मूल वरच्या पायरीवर, दुसरं खालच्या, आणि आई मधल्या जिन्यात. तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील तर मला जुना नकाशा सरस वाटतो. सगळ्यांना एकाच जागी राहायचं असतं म्हणूनच तर ते एकत्र निघालेले असतात.

पुढच्या धुराड्याची गोष्ट या बदलाबद्दल बरंच सांगते. या बोटींना दोन धुराडी असली तरी पुढचं मुख्यतः शोभेचं. 'मॅजिक'च्या पुढच्या धुराड्यात किशोरवयीन मुलांचा अड्डा आहे. 'ड्रीम'वरही तिथे मुलांचीच जागा आहे. 'विश'वर मात्र त्या उंचीवर सुमारे दोन हजार चौरस फुटांचं आलिशान निवासस्थान बांधलं आहे. बोटीवरची एक उत्तम जागा पूर्वी मुलांना होती, आता ती सर्वाधिक भाडं देणाऱ्याला आहे. कंपनीच्या हिशेबात हे बसत असेल, पण कुटुंबांसाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ताफ्याने अशा बदलाची नोंद घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मुलं, मोठी माणसं आणि जेवणाचं ताट

मुलांच्या खेळघरात मात्र नव्या बोटींनी खरी मजल मारली आहे. तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचं खेळघर 'विश'वर दुसऱ्या डेकवर आहे आणि वरच्या मुख्य दालनातून मुलं थेट घसरगुंडीने आत जातात. आत स्टार वॉर्सचं मालगोदाम, मार्व्हलची शाळा, परीकथांचं दालन आणि थीम पार्कमधल्या राइड्सची रचना शिकवणारी प्रयोगशाळा आहे. जुन्या बोटींवरही खेळघर उत्तम आहे आणि दुरुस्त्यांमध्ये त्यात भर पडत गेली आहे, पण इतक्या वेगवेगळ्या खोल्यांना तिथे जागाच नाही. चार ते नऊ वर्षांचं मूल असेल आणि सफर तीन-चार रात्रींचीच असेल, तर नवी बोट मुलाला जास्त देते, हे मोकळेपणाने मान्य करावं.

पाण्यातल्या घसरगुंड्यांचंही तसंच. 'ड्रीम'वरची 'अ‍ॅक्वाडक' ही समुद्रावरची पहिली वॉटर कोस्टर. पारदर्शक नळीतून ७६५ फुटांचा फेरा, त्यात एक वळण थेट समुद्रावर. 'विश'वर तिची जागा 'अ‍ॅक्वामाऊस'ने घेतली आणि नळीत चित्रं, संगीत आणि गोष्ट आली. 'मॅजिक'ला २०१३च्या दुरुस्तीत 'अ‍ॅक्वाडंक' मिळाली, जिथे पायाखालची फळी सरकते आणि माणूस सरळ खाली जातो. तिन्ही प्रकारांत मुलं खूश असतात. पण जुन्या बोटीवर समुद्र हाच देखावा असतो आणि नव्या बोटीवर समुद्रासमोर आणखी एक देखावा उभा केलेला असतो. ही दिशा ताफाभर दिसते.

जेवणात ती सर्वांत ठळक आहे. 'मॅजिक'वरच्या 'अ‍ॅनिमेटर्स पॅलेट'मध्ये भिंती जेवणाच्या सुरुवातीला काळ्या-पांढऱ्या असतात आणि जेवण संपेपर्यंत रंगीत होतात. कल्पना साधी, पण गप्पांच्या आड येत नाही. 'ड्रीम'वर क्रश नावाचं कासव पडद्यावरून टेबलाटेबलाशी बोलतं. 'विश'वर तीनपैकी दोन रेस्टॉरंटमध्ये जेवणाचं नाटकच झालं: 'अरेन्डेल'मध्ये 'फ्रोझन'ची पात्रं गात फिरतात आणि 'वर्ल्ड्स ऑफ मार्व्हल'मध्ये पडद्यावर लढाई चालते. तिसरं '१९२३' शांत आहे. त्याचं नाव डिस्ने स्टुडिओच्या स्थापनेच्या वर्षावरून ठेवलं आहे. सात वर्षांच्या नातीला 'अरेन्डेल' आयुष्यभर लक्षात राहील. तिच्या पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांना त्या रात्री शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही. दोघांचाही अनुभव खरा आहे, म्हणून बेत आखणाऱ्याने दोघांचाही विचार करायला हवा.

मोठ्यांसाठी जुन्या बोटींवर आणि 'ड्रीम', 'फँटसी'वर एक वेगळा भाग असतो, जिथे रात्री फक्त प्रौढांसाठी बसायच्या जागा एकमेकींना लागून आहेत. 'विश'वर अशा जागा बोटभर विखुरल्या. एकेक जागा सुंदर आहे, पण मुलं झोपल्यावर आई-वडिलांना एका दारातून दुसऱ्या दारात जाण्याची जी मोकळीक असते, ती कमी झाली.

इंजिन, धूर, सुरक्षितता

काही भिंती प्रवाशाला दिसतही नाहीत. 'विश'च्या पिढीच्या बोटी द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. त्यामुळे धुरातलं गंधक जवळपास नाहीसं होतं, काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बरेच घटतात. बंदरालगतच्या वस्तीसाठी हा खरा दिलासा आहे. पण इंजिनातून थोडा न जळलेला मिथेन निसटतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे हवामानाच्या दृष्टीने हा बदल किती उपकारक आहे, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. जुन्या बोटी तेलावर चालतात. २०२० पासून जगभरातल्या जहाजांच्या इंधनातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणण्याचा नियम लागू झाला आणि तो त्यांनाही पाळावा लागतो. थोडक्यात, स्थानिक हवेच्या बाबतीत नवी बोट स्पष्टपणे पुढे आहे. पृथ्वीच्या हिशेबात मात्र कुठलीही मोठी क्रूझ निर्मळ नाही, हे मनाशी ठेवूनच तिकीट काढावं.

सुरक्षिततेचा मोठा टप्पा १ जुलै २०१० हा आहे. त्यानंतर बांधणी सुरू झालेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशी रचना करावी लागते की एका भागात आग लागली किंवा पाणी शिरलं तरी ठरावीक मर्यादेपर्यंत बोट स्वतःच्या बळावर बंदर गाठू शकेल. 'विश' आणि तिच्या बहिणींचा जन्म या नियमाखालचा, 'मॅजिक' आणि 'वंडर'चा त्याच्या आधीचा. याचा अर्थ जुन्या बोटी असुरक्षित असा होत नाही. त्यांची दरवर्षी तपासणी होते आणि बुडाची पाहणी करून घ्यावी लागते. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या सगळ्या बोटींच्या स्वच्छतेची परीक्षा अमेरिकेची आरोग्ययंत्रणा एकाच कसोटीवर घेते. १०० पैकी ८६ गुण मिळाले तरच पास. तिथे जुन्या बोटीला वयाची सवलत नसते.

बोट जाते कुठे

रुंदी ही सर्वांत निर्णायक भिंत. पनामा कालव्याच्या जुन्या दारांच्या कक्षांची रुंदी ३३.५ मीटर. 'मॅजिक' आणि 'वंडर' सुमारे ३२ मीटर रुंद, म्हणून त्या दोन्ही बाजूंना मीटरभरही जागा न ठेवता त्यातून जातात. 'ड्रीम'ची रुंदी ३७ मीटर. तिच्यासारख्या बोटींना २०१६ मध्ये नवी मोठी दारं उघडेपर्यंत कालवा बंदच होता. छोट्या बोटीला लहान बंदर चालतं, अरुंद खाडी चालते, प्रवासी कमी असल्याने किनाऱ्यावरच्या गावावरही ताण कमी पडतो.

म्हणून ताफ्यातले दूरचे आणि विशेष प्रवास बराच काळ या दोन बोटींकडेच राहिले. 'मॅजिक'ने २००७ मध्ये भूमध्य समुद्र केला. 'वंडर' २०११ पासून उन्हाळ्यात व्हँकुव्हरहून अलास्काला जात आली आहे आणि २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत पोचली. 'विश', 'ट्रेझर' आणि 'डेस्टिनी' मात्र प्रामुख्याने फ्लोरिडाहून बहामा आणि कॅरिबियनला फिरतात. हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे. बोटच जर मुक्कामाचं ठिकाण असेल तर प्रवास छोटा चालतो. सिंगापूरच्या 'अ‍ॅडव्हेंचर'ने हा विचार टोकाला नेला. तिच्या सुरुवातीच्या तीन आणि चार रात्रींच्या सफरी कुठल्याही बंदरावर न थांबता समुद्रातूनच परत येणाऱ्या आहेत.

अलास्कात हिमनदी समोर असते तेव्हा कुणी पडद्याकडे बघत नाही. अशा मार्गावर 'वंडर' कमी पडत नाही. उलट तिच्या मोकळ्या डेकमुळे ती अधिक योग्य ठरते.

वय कशानं मोजायचं

वयाबद्दलची भीती मुंबईकरांनी तपासून पाहण्यासारखी आहे, कारण आपल्या बंदराला याचा धडा मिळालेला आहे. २०१९ मध्ये जलेश क्रूझेसची 'कर्णिका' मुंबईहून सुरू झाली. ती बोट १९९० सालची, इटलीत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बांधलेली. करोनाच्या काळात कंपनी बंद पडली आणि २०२० संपायच्या आत 'कर्णिका' गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. पुढच्याच वर्षी कॉर्डेलिया क्रूझेसची 'एम्प्रेस' मुंबईहून निघाली. तिचंही जन्मवर्ष १९९०, मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन बोटी. एकीचं पोलाद भंगारात गेलं आणि दुसरीवर कोकण-गोव्याच्या वाटेवर हजारो मराठी कुटुंबांनी पहिली क्रूझ अनुभवली. दोघींचं नशीब वयाने ठरलं नाही, मालकाच्या तिजोरीने ठरलं. कॉर्डेलियाने पुढे ज्या दोन बोटी घ्यायचा करार केला, त्या 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' अनुक्रमे १९९९ आणि २००१ सालच्या. म्हणजे डिस्नेच्या ताफ्यात जी 'वंडर' म्हातारी मानली जाते, तिच्याच वयाची बोट मुंबईच्या ताफ्यात तरुण ठरणार आहे.

डिस्नेने आपल्या दोन थोरल्या बोटींवर सातत्याने खर्च केला आहे. 'मॅजिक' २०१३ मध्ये आणि 'वंडर' २०१६ मध्ये स्पेनच्या कादिझमध्ये सुक्या गोदीत गेल्या, तिथे त्यांची रेस्टॉरंट, खेळघरं, दालनं नव्याने उभी राहिली. 'वंडर'वर न्यू ऑर्लिन्सच्या जॅझचं 'टियानाज प्लेस' त्यातलंच. म्हणून जुन्या बोटीचं तिकीट काढताना तिचं जन्मवर्ष विचारण्याआधी ती शेवटची सुक्या गोदीत कधी गेली ते विचारावं. नुकतीच गेली असेल तर आतली बोट तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच ताजी असते.

मग निवड कशी करायची

पहिली सफर, मुलं दहाच्या आतली, हातात तीन-चार दिवस: 'विश', 'ट्रेझर' किंवा 'डेस्टिनी' घ्यावी. बोटच सहलीचं ठिकाण आहे हे समजून घ्यावं आणि '१९२३'मधली शांत रात्र आजी-आजोबांसाठी राखून ठेवावी. मुलं अकरा ते सतराची, आठवडाभर वेळ, बजेट मध्यम: 'फँटसी' किंवा 'ड्रीम'. सरळ नकाशा, बऱ्याच बाल्कन्या, मोठ्यांचा स्वतंत्र भाग. जुन्या आणि नव्या बोटींचा समतोल या पिढीत सर्वांत चांगला साधला आहे, पण तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. तीन पिढ्या एकत्र, पाहायचं आहे ते बाहेरचं जग: 'वंडर' किंवा 'मॅजिक'. खोली ऐसपैस, चालणं कमी, माणसं कमी, समुद्र जवळ.

भारतातून जाणाऱ्यांनी कागदपत्रांचा हिशेब आधी करावा. फ्लोरिडाहून बहामाला जाऊन परतायचं तर अमेरिकेत पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा हवा. व्हँकुव्हरहून अलास्का गाठायचं तर कॅनडाचाही हवा. सिंगापूरची 'अ‍ॅडव्हेंचर' या बाबतीत सोपी आहे, विमानप्रवास छोटा आहे आणि तिच्यावर भारतीय पदार्थांचं 'मोगली'च्या नावाचं भोजनालयही आहे. पण ती या ताफ्यातली सर्वांत गजबजलेली बोट आहे. मराठी घरातून निघणाऱ्या अनेकांची डिस्नेशी पहिली भेट तिथेच होईल. त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की हा ताफ्याचा एक चेहरा आहे, सगळा ताफा नव्हे.

डिस्नेने २०३१ पर्यंत ताफा तेरा बोटींवर नेण्याचं जाहीर केलं आहे. जपानसाठी ओरिएंटल लँड कंपनीबरोबर 'विश'च्या धर्तीची बोटही ठरली आहे. या भरभराटीत 'मॅजिक' आणि 'वंडर' तिशीकडे सरकत आहेत आणि त्या कधीतरी जातीलच. त्या जाण्याचं दुःख करत बसण्याचं कारण नाही. पण त्यांच्याबरोबर त्यांची आखणीही जाऊ नये. अरुंद कालव्यातून जाणारी, लहान बंदराला झेपणारी, डेकभर चालता येणारी आणि मुलांना उंचावरची जागा देणारी बोट कौटुंबिक ताफ्यात असायलाच हवी. नव्या बोटींमध्ये काय असावं हे प्रवाशांच्या मागणीवर ठरतं. तेव्हा भाडं भरताना नव्याच्या झगमगाटाबरोबर या गोष्टीही मागा आणि सफर संपल्यावर कंपनी अभिप्राय विचारते तेव्हा त्या स्पष्ट शब्दांत लिहा.